राधाकिसनचा मेंढा पडद्यावर

जाफराबादच्या बाजारात राधाकिसन मला दर आठवड्याला भेटतो आणि दर आठवड्याला विचारतो, "तुमी बँकेतले ना?" मी शाळेत मास्तर आहे, त्याची दोन्ही पोरं माझ्याच हाताखालून गेली. पण माणसांची तोंडं त्याच्या ध्यानातच राहत नाहीत. मेंढरांची मात्र ऐंशीच्या ऐंशी पाठ. संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना तो मोजत नाही, नुसती तोंडं बघतो आणि म्हणतो, "भुरीची पोरगी मागं राह्यली." जाऊन बघावं तर खरंच राहिलेली असते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच्या माळावर सिनेमावाले आले. जुने प्रियकर-प्रेयसी सुटीवर गेलेले असताना थंड हवेच्या ठिकाणी पुन्हा भेटतात, अशी गोष्ट. थंड हवेचं ठिकाण म्हणून त्यांनी आमचा माळ निवडला, यावरूनच सिनेमा कसा निघणार ते आम्हाला कळायला हवं होतं. मागे चरायला मेंढरं हवी होती. राधाकिसन तालुक्याला औषध आणायला गेला होता, म्हणून कळपाजवळ त्याचा मेव्हणा सुग्रीव थांबला. कळप वाड्यात घालायचं कामही त्यानंच केलं, कारण राधाकिसन परतल्या परतल्या सिनेमावाल्यांनी त्याला जेवायला बसवून घेतलं.

सकाळी राधाकिसननं तोंडं बघितली, तर नवाब नाही. नवाब म्हणजे कळपाचा म्होरक्या मेंढा, राधाकिसनचा जीव की प्राण.

"परस्पर इकला का रे?" त्यानं सुग्रीवला विचारलं, तेही चार पंचांसमोर.

सुग्रीवनं खंडोबाचा बेल-भंडार उचलला. देवाची एवढी मोठी शपथ घेतल्यावर आमच्याकडे विषय संपतो. राधाकिसन म्हणाला, "भंडार बी पिवळा अन् तुझं तोंड बी पिवळं." सुग्रीव त्याच पावली वाटूरला आपल्या घरी निघून गेला. तेव्हापासून त्याची बहीण कडूबाई, म्हणजे राधाकिसनची बायको, दोन भाऊबीजा माहेरी गेली नाही. कुणी विषय काढला की भाकरी जरा जोरात थापायची, एवढंच.

परवा तो सिनेमा जालन्याला लागला. मेंढरं पडद्यावर बघायची म्हणून राधाकिसननं कडूबाईला घेतलं, आणि पाट्या वाचून दाखवायला मला. टॉकीजमध्ये आम्ही धरून बारा डोकी. मी पुष्कळ वाईट सिनेमे आनंदानं पाहिलेत, पण याच्यात आनंदालाही जागा नव्हती. तो खिडकीत उभा राहतो, ती कॉफी ढवळते. मग ती खिडकीत उभी राहते आणि तो ढवळतो. मध्यंतरापर्यंत दोघं मिळून "तू बदलली नाहीस" एवढंच बोलले.

"आवो, एवढं कुढून राह्यले, तं सरळ बोलत काऊन न्हाईत?" कडूबाई म्हणाली. राधाकिसन पुढ्यातल्या खुर्चीकडे बघत राहिला.

मध्यंतरानंतर नायिका दगडावर बसून रडू लागली. चांगली चार मिनिटं. तिच्यामागे आमचा माळ, मेंढरं आणि सिनेमावाल्यांच्या आचाऱ्याचा भाजीपाल्याचा टेम्पो. मी जांभई देत होतो. तेवढ्यात राधाकिसननं माझं मनगट असं धरलं की जांभई अर्ध्यावरच राहिली.

"नवाब!"

पडद्याच्या कोपऱ्यात एक मेंढा ऐटीत चालत आला. टेम्पोला पाय लावले, आत चढला आणि कोबी खाऊ लागला. पुढे नायिका हुंदके देत होती. मागे एक माणूस आला, इकडं-तिकडं बघितलं आणि मागचा फाळका लावला. टेम्पो निघून गेला. नायिका रडतच होती. एवढ्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चोरी, आणि एकाही कॅमेरावाल्याला ती दिसली नव्हती!

राधाकिसन उभा होता. हळूच खाली बसला आणि विचारलं, "मास्तर, मंग त्या संध्याकाळी त्यांनी मला काय वाढलं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला मास्तर म्हटलं होतं, पण खूश व्हायची ती वेळ नव्हती.

"मटणाची दोन ताटं खाल्ली तुमी," कडूबाई म्हणाली. "वरून आचाऱ्याची तारीफ बी करून आल्ते."

पुढचं त्यानं काही पाहिलं नाही. टॉकीजमधून निघालो ते थेट वाटूरच्या बसमध्ये. वाटेत त्याच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "त्यानं भंडार उचलला व्हता."

सुग्रीव दारातच होता. राधाकिसन गेला तो सरळ त्याच्या पाया पडला. बहिणीचा नवरा मेव्हण्याच्या पायावर! शेजारच्या गिरिजाबाईच्या हातातली बादलीच सुटली. सुग्रीव दोन पावलं मागं सरला. सगळं ऐकून घेतलं, बहिणीला आत पाठवलं आणि तिच्या नवऱ्याला म्हणाला, "पाव्हणे, मला चोर म्हटलं ते चार पंचांसमोर. पायरीवरची माफी चालायची न्हाई."

"मंग?"

"त्याच पंचांना दाखवा. मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला जाफराबादहून दोन जीपा आणि वाटूरहून एक. पंच, त्यांच्या बायका, आणि निव्वळ सोबत म्हणून आलेले. तिकिटवाला कधी आमच्याकडे, कधी पोस्टरकडे बघत होता. तो सिनेमा आज उतरवणारच होते म्हणे.

मध्यंतरापर्यंत अठ्ठावीस माणसं पंचायतीला बसावीत तशी बसली. नायिका दगडावर बसली, नवाब चालत आला, फाळका लागला. "आरारारा!" सगळं टॉकीज एका सुरात ओरडलं.

राधाकिसन उठला, पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. नायिकेचे आसू त्याच्या पटक्यावर पडत होते. "पंचहो," तो म्हणाला, "मी माझ्या मेव्हण्यावर खोटा आळ घेतला. देवाच्या भंडाराला खोटं म्हटलो." त्यानं खिशातून पुडी काढली आणि पुढच्या रांगेतल्या सुग्रीवच्या कपाळाला भंडार लावला. अंधारात निम्मा मिशीला लागला.

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. सुग्रीवनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा दाजी," तो म्हणाला. "मागच्यांना दिसत न्हाई."