रुक्मिणीबाईनं रस्त्याकडून ठोकलेलं कुंपण

रुक्मिणीबाईनं नवऱ्याची बाज अंगणात जाळली, ही बातमी धाडमध्ये सकाळी नळावर फुटली आणि एसटी स्टँडपर्यंत पोचेस्तोवर तिला गादी-उशीही चिकटली. कोणी तर नवऱ्याला, म्हणजे नारायणरावांना, देवळाच्या ओट्यावर मुक्कामालाही पाठवलं.

खरं एवढंच, की धूर कुंपणाच्या खुंटांचा होता. मातीत जाणारं टोक काळं होईस्तोवर विस्तवावर भाजलं की वाळवी त्याच्या वाटेला लवकर जात नाही, हे बाईंनी माहेरी रोहिणखेडच्या मळ्यात पाहिलेलं. बाज शाबूत होती. नारायणराव तिच्यावरच लोळत पडले होते.

आता नारायणरावांच्या कारागिरीबद्दल गल्लीचं एकमत आहे. मागच्या खेपेला त्यांनी कुंपणाच्या फळ्या सुतळीनं बांधल्या. शेळ्यांनी आधी सुतळी खाल्ली, मग आत शिरून मेथी. त्याच्या आधी खिळे मारले होते, निंबाच्या सावलीत, आतल्या अंगानं, निवांत बसून. तेही महिनाभरात उपटले गेले. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की अंगणात फरशी टाकायची, म्हणजे बुलढाण्याहून मुलगा कुलदीप आला की त्याची गाडी उभी करता येईल.

"अन् माहे वाफे?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"बाजारात भाजी मिळत नाई का तुले?"

लग्न होऊन आल्यापासून त्या घरात बाईंच्या मर्जीनं चालणारी जागा म्हणजे ते चार वाफे. त्या उठल्या, हातातलं निवडण बाजूला ठेवलं. "मी करतो कुंपण. मंग बोला."

"हाव, कर. बाजाराच्या दिवशी गवंडी येऊन राह्यला. त्या दिवशी एकबी शेळी आत नाई घुसली, तं वाफे तुहे. घुसली, तं फरशी."

बाजाराचा दिवस नारायणरावांनी उगाच नाही निवडला. त्या दिवशी विकायच्या शेळ्यांचे कळपच्या कळप याच गल्लीतून जातात.

बाईंनी पदर खोचला. पहारीनं खड्डे केले. एका ठिकाणी खडक लागला, तर तो खुंट वीतभर सरकवला. दगड-मुरूम ठासून खुंट असे रोवले, की हलवू जाणाऱ्याचाच खांदा निखळावा. मग नवऱ्यासारख्याच आतून फळ्या ठोकल्या आणि चहा ठेवायला गेल्या. परत येतात तो शेजारच्या शेळीनं अंग घासून एक फळी खाली पाडलेली!

बाजेवरून आवाज आला, "मेथी काढून घे वो, वेळ आहे तवर."

बाईंनी खिळा उचलून न्याहाळला. सरळ होता, वाकलासुद्धा नव्हता. सरळच्या सरळ बाहेर आला होता. थोडा वेळ त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. मग साऱ्या फळ्या काढल्या, भर उन्हात गल्लीत उकिडव्या बसल्या आणि बाहेरच्या अंगानं ठोकायला लागल्या. हातोडी एकदा अंगठ्यावर बसली, तेव्हा खिळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

समोरच्या ओट्यावरून चांदबीनं हटकलं, "काऊन भाभी, रस्त्यात दुकान मांडलं का?"

"शेळी इकडूनच रेटते नं, चांदबी! आतून ठोकली तं फळी सुटते. इकडून ठोकली तं रेटू दे किती रेटते, खुंटालेच चिपकन."

बाजाराच्या दिवशी गवंडी थापी घेऊन हजर. नारायणराव धुवट कपडे घालून पंचासारखे गल्लीत उभे. फाटकाला आतून कडी, कडीमागं रुक्मिणीबाई. कळप आला. शेळ्यांनी मेथीचा वास घेतला आणि सगळ्या एका अंगाला झुकल्या. एका दाढीवाल्या बोकडानं तर पुढचे पाय फळीवर ठेवून सगळा भार टाकला. लाकूड करकरलं. चांदबीनं तोंडाला पदर लावला. बाईंनी कडी घट्ट धरली.

फळी खुंटाला चिकटून बसली. बोकडानं मान ताणली, जीभ काढली, शिंकला आणि रागारागानं बाजाराकडे चालता झाला.

चांदबीनं अशी टाळी पिटली, की मागच्या शेळ्या बिचकल्या. गल्ली हसली. गवंड्यानं थापी पिशवीत घातली. नारायणराव कपड्यांवरची धूळ झटकत फाटकापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तं हिची परीक्षाच पाहून राह्यलो होतो."

रुक्मिणीबाईंनी कडी काही काढली नाही. म्हणाल्या, "पाहा नं, खुशाल पाहा. पण तिकडूनच पाहा. आत याचं असंन तं आता मले इचारा लागन."