नागोराव खाली ठेवायला शिकतो

तलमडुगूच्या नागोरावनं चाळीस वर्षं कापूस बाजारात हमाली केली. पाठीवर बोजा घ्यावा तर यानंच. पण ठेवायचं म्हणाल तर धाडकन! कापूस आपटला म्हणून थोडाच फुटतो? त्यामुळे हलक्या हातानं ठेवायला हमालांत कुणी शिकतच नाही.

साठी उलटल्यावर ही खोड अंगाशी आली. बायको बयनाबाईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नागोराव तिला खाटेवरून सहज उचलायचा, पण खुर्चीत ठेवताना शेवटच्या वीतभरात हात सुटायचे. बिचारी कळवळून ओरडायची. बेल्लमपल्लीच्या खाणीत नोकरीला असलेला मुलगा देवानंद म्हणाला, "बा, पंधरा दिवसांत जमलं तं ठीक, नाई तं मायले मी क्वार्टरवर नेतो."

बयनाबाईविना त्या घरात नागोराव काय भिंतींशी बोलणार होता?

व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या नीलिमानं त्याची चूक बरोबर हेरली. "काका, उचलतानी स्नायू आखडतो. नुसतं धरून उभं राह्यलं की ना आखडत, ना लांबत, तरी राबतो. ठेवतानी तो वजन पेलत पेलत लांबतो. तुमी तिथंच त्याले सोडून देऊन राह्यले."

"आता ठेवाचं बी शिकाव लागते काय?" नागोराव हसला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून ज्वारीचं अर्धं पोतं खुर्चीत बसवायला लागला. सावकाश, दहा म्हणेपर्यंत. मांड्या लटलट कापायच्या. रात्री अशा ठणकायच्या, की हमालीतही कधी ठणकल्या नव्हत्या.

शेजारच्या चंपाबाईनं तोंडाला पदर लावला. "पोत्याचा पाहुणचार चालू हाय काय, भाऊजी?"

पंधराव्या दिवशी देवानंद आला. आल्या आल्या त्यानं मायची लुगडी पिशवीत भरली. नागोरावनं बयनाबाईला उचललं. तिनं डोळे गच्च मिटले आणि त्याची मान घट्ट आवळली. तो वाकत गेला, श्वास सोडत, इंच इंच. मग त्यानं हात काढून घेतले.

तिचे डोळे अजून मिटलेलेच.

"ठेवा ना आता," ती कुरकुरली. "किती येळ धरून ठेवता?"

"बसली हायेस तू," नागोराव म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

देवानंदनं पिशवी रिकामी केली.