मास्तरांच्या सेटमागचा भुंगा

जगदीशकाकांच्या कसाऱ्यातल्या घरात चार खोल्या आहेत. तीन खोल्यांत हॅम रेडिओचे जुने सेट राहतात, उरलेल्या एकीत काका-काकू. हवेतून गप्पा मारणाऱ्या हौशी लोकांचे हे सेट काका भंगारातून मेलेले आणतात आणि महिनोन्‌महिने उघडून बसतात. रेल्वेच्या टेलिफोन खात्यात जन्म काढलेला माणूस, हात स्वस्थ बसत नाहीत. एखादा सेट बोलायला लागला की काकूंना हाक जाते. काकू म्हणतात, "बोलला ना? मंग त्यालाच पाठवा दळण घेऊन."

पण काकांचा खरा जीव अडकला होता मुरबाडच्या मास्तरांच्या सेटवर. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांनी तो हातानं बनवला होता, काचेचे व्हॉल्व्ह बसवून. मास्तर गेले, सेट बंद पडला. काकांनी पाच वर्षं मागणी घातली, तेव्हा कुठे मास्तरांच्या बायकोनं, सकुवहिनींनी, अट घातली, "चालू करून आणा. एकदा ऐकते, मंग न्या."

काका दोन महिने खपले. सेट बावीस किलोचा, म्हणून मुरबाडला न्यायला माझी इको. गाडी माझी, पाठही माझी. काका फक्त "हळू रे" उचलतात.

मास्तर बोलायचे तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर ऐकायच्या. तसाच त्यांनी तो लावला. काकांनी ओटीवरून माईकमध्ये आपला कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, सांगितला. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ! काका माझ्याकडे बघून भुवया उडवतायत, तोवर वहिनी दारात.

"हा त्यांचा नाय."

"वहिनी, तोच आहे. त्यांच्याच हातचा डबा."

"डबा असंल. त्यांच्या बोलण्यामागं भुंगा असायचा, घूं करून. भुंगा थांबला की मी ताट वाढायची. न्या तुमी. माझं काय राह्यलं नाय यात."

सेट गाडीत चढला. इतक्या वर्षांनी हवं ते मिळालं, आणि सरळगावपर्यंत काका खिशातलं काहीतरी चाचपत बसले. मला वाटलं, आनंद झालाय.

"गाडी वळव."

"काय विसरलं?"

"भुंगा. कंडेन्सर वाळला होता रे, म्हणून यायचा. मी नवा टाकला."

"मग बरोबरच केलंत की."

"हो ना. वळव."

"काका, भुंगा परत घातलात तर वहिनी सेट देणार नाहीत."

"मला काय कळत नाय? वळव!"

आयुष्यभर दोष काढणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी दोष बसवताना पाहिलं. वहिनींच्या ओटीवर मांडी घालून त्यांनी खिशातला जुना कंडेन्सर परत डाग देऊन जोडला. तोंड असं, की जेवणात मुद्दाम खडा टाकतायत. मग माईक हातात घेतला. आतल्या ट्रान्झिस्टरवर घूं सुरू झालं. काका आपले बोलत राहिले, मुरबाडची लाइट, काकूंचे गुडघे, माझं ड्रायव्हिंग. शेवटी विषय संपले. भुंगा थांबला.

आत ताट वाजलं.

"जेवून जा दोघं," वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या. डोळे पुसलेले होते. "आनि सेट राहू द्या हितंच. रविवारचं येत जा बोलायला."

आता काका दर रविवारी मुरबाडला जातात. नाशिकपासून पुण्यापर्यंतचे मित्र त्यांना हवेतून बजावतात, "जगदीशभाऊ, तुमच्या आवाजामागं घूं येतंय. कंडेन्सर बदला. जमत नसेल तर कुणाला तरी दाखवा."

हे कुणाला सांगतायत, तर जगदीशकाकांना! काका दात आवळतात, आतल्या ट्रान्झिस्टरकडे कान देतात आणि म्हणतात, "हो हो, दाखवतो कुणाला तरी."