जावेच्या माहेरचा पाळणा

माझ्या मोठ्या जावेवर मी सूड उगवला आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तोंडावर मी तिला वहिनी आणि तुम्ही म्हणायची. इथे मी तिला नुसतं 'ती' म्हणते, तेवढी मजा मला घेऊ द्या.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या मुलीचं बारसं लंडनमधल्या हॅरोच्या घरात झालं. आई पुण्याहून येऊ शकली नव्हती आणि इथल्या बायकांपैकी एकीलाही पाळणा धड पाठ नव्हता. पाळण्याशिवाय बारसं म्हणजे नुसतं जेवण. म्हणून दुधाच्या बाटल्या उकळता उकळता मीच चार-पाच कडवी रचली. चाल घेतली स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तेव्हा सतत लागणाऱ्या एका इंग्रजी गाण्याची. संथ गाणं, मागे अमेरिकन खेड्यातली ती लांबवत रडणारी गिटार. गाण्यातली बाई नवऱ्याला सांगते, बॅग भरली आहे, माझी वाट बघू नकोस. त्या शब्दांशी मला काय करायचं होतं? त्या चालीवर मुलगी झोपायची.

जाऊ स्टॅनमोरला राहायची. दीर इस्पितळात कन्सल्टंट, म्हणजे बडे डॉक्टर, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचा. तिने माझ्याकडून पाळणा दोनदा म्हणून घेतला. चाल कुठली ते विचारलं नाही. इंग्रजी गाणी म्हणजे धांगडधिंगा, असं तिचं ठाम मत होतं.

पुढच्याच बारशाला, ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे, जावेने तो पाळणा म्हटला. बायका भारावल्या. कुठला हो, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आमच्या माहेरचा, आत्या म्हणायची. मी घुगऱ्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. एकीने मला कोपराने ढोसलं आणि वर सांगितलं, जावेकडून शिकून घे हो. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण भरल्या घरात मोठ्या जावेला खोटं पाडायचं कसं? मी घुगऱ्या वाटल्या.

मग हॅरोपासून क्रॉयडनपर्यंत जिथे बारसं तिथे जावेला बोलावणं. मधे एका पुरुषाने ते इंग्रजी गाणं पुन्हा गायलं, ते फारसं चाललं नाही. मी मात्र सुपरमार्केटात ऐकलं आणि कांदे विसरून घरी आले. नव्वदच्या दशकात पाच गोऱ्यागोमट्या पोरांनी ते उचललं आणि नंबर वन केलं. शाळेतली पोरं, बसमधले ड्रायव्हर, सगळे तेच गुणगुणायला लागले. माझ्या मुलीच्या खोलीत त्या पाच जणांचं पोस्टर लागलं.

त्याच सुमाराला जावेला नातू झाला. सून इंग्रज. तिचं अख्खं माहेर बारशाला येणार होतं. जावेने फोन करून विचारलं, इंग्लिश लोकांसमोर पाळणा म्हणू ना गं, बरा दिसेल ना? मी म्हटलं, "म्हणा की वहिनी. तुमच्या माहेरचा आहे, त्यांनाही कळू दे." फोन ठेवून मी मुलीला पोस्टरसकट मिठी मारली. ती घाबरली.

बारशाच्या दिवशी जाऊ पैठणी नेसून पाळण्याशी उभी राहिली. पहिलं कडवं संपेपर्यंत सुनेची आई गोंधळून हसत होती. दुसऱ्या कडव्याला सुनेच्या भाच्या मागून इंग्रजीत गायला लागल्या, बॅग, दार, वाट बघू नकोस, सगळं. सुनेचा चेहरा उतरला. पुतण्या, बाळाचा बाप, पुढे आला आणि त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला,

"आई, थांब ना. हा गाणं डिव्होर्सचा आहे. सगळ्यांना माहितीये."

जाऊ लालबुंद झाली. तिने चहूकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं. "माझा नाही हा. हिने रचलाय."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "पण वहिनी, हा तर तुमच्या माहेरचा ना?"

हॅरोच्या सगळ्या बायका बघत होत्या. कोपराने ढोसणारीही होती.

"नाही," जाऊ म्हणाली. "तुझा आहे."

मी घुगऱ्यांचं ताट तिच्या हातात दिलं, पाळण्याची दोरी धरली आणि उरलेली सगळी कडवी म्हटली. चाल तीच ठेवली.