लेण्याद्रीच्या पायऱ्या आणि आत्याचा शब्द

"गुडघं चालत्यात तवर लेण्याद्रीला जाऊ," आत्या फोनवर म्हणाली. मी गोंधळलो. तिच्या गावाहून, बोरी बुद्रुकहून, डोंगर फार लांब नाही, तरी ऐंशीच्या घरात येईपर्यंत ती एकदाही वर गेली नव्हती. आम्ही बौद्ध. धर्मांतर झालं तेव्हा ती लहान होती, आणि तिने माझ्या आजोबांना शब्द दिला होता: देवळाची पायरी चढणार नाही. लेण्याद्री म्हणजे तर अष्टविनायकांतला गणपती.

शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरली. जुन्नरला तीन तास लागले. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री जपून मागा. आत्या तिथेच भेटली. रिक्षात मी तिला सांगत होतो की हे जुनं व्यापारी गाव, व्यापाऱ्यांच्या दानातून भिक्षूंसाठी लेणी कोरली, गणपती त्यातल्याच एका विहारात आहे. शेजारी स्तूप.

"मंजे घर आपलं, आन ऱ्हातोय गणपती?"

रिक्षावाला हसला. "लई वर्सं झाली, आत्या. आता कूळकायदा लागला त्याला."

पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढलं. पायऱ्या तीनशेच्या वर. माकडं आहेत, हातात खाऊ ठेवू नका. डोलीवाले पुढे आले.

"बसा आजी, गणपतीच्या दारात उतरवतो."

"मानसाच्या खांद्यावर मेल्यावर बसंन."

पहिल्या पायरीपाशी ती थांबली. स्तूपाकडे जायला दुसरी वाट नाही, हे मी तिला सांगितलं.

"म्हाईत हाय."

परत जाऊ या का, असं विचारणार होतो. तेवढ्यात तिने पाय ठेवला.

वर पोचायला तास गेला. चैत्यगृहात कोणी नव्हतं. खांब, खांबांवर हत्ती, टोकाला स्तूप. शेजारून घंटा ऐकू येत होती.

"मूर्ती कुठंय?"

"नाही. तेव्हा बुद्धाची मूर्ती करत नसत."

तिने हात जोडले नाहीत. दगडाला हात लावत एक फेरी मारली. रांगेतली एक बाई डोकावली. "आजी, गणपती तिकडं हाय. हितं काय न्हाई."

"आसूं दे," आत्या म्हणाली, आणि आणखी एक फेरी मारली.

उतरताना मी विचारलं, "शब्द मोडला?"

"मोडला. बा आसता तर त्यालाबी वर आनला आसता."

पुण्यात येऊन आठवडा झाला. हे लिहू का, म्हणून तिला फोन केला. "लिही," ती म्हणाली. "पन वाट गनपतीचीच हाय, ते आदी लिही. आपली मानसं खालनंच माघारी जात्यात." म्हणून लिहितो: स्तूप लेणे क्रमांक सहामध्ये, वाट गणपतीचीच. शब्द मोडला असं ती म्हणते. मला अजून ठरवता येत नाही.