लंकेतल्या तेलटाक्या आणि होटगीचा भीमाप्पा

जमिनीखाली काम करताना माणूस फारसा बोलत नाही. तोंडात धूळ जाते, आणि घणांच्या आवाजात कुणाला ऐकूही येत नाही. म्हणून वर आल्यावर त्याच्याजवळ किश्श्यांचा ढीग साठलेला असतो. माझंही तसंच झालंय. सोलापूर स्टेशनासमोर चहाला बसलो की मित्र म्हणतात, "काढा तुमची लंका." मग एकातून एक निघत जातं.

लंकेतल्या एका आरमारी बंदरावर टेकडी पोखरून तेलाच्या टाक्या बांधायच्या होत्या. लढाऊ जहाजं कोळसा सोडून तेलावर चालू लागली होती. तेल उघड्यावर ठेवलं तर विमानातला एक बॉम्ब पुरे, म्हणून ते जमिनीच्या पोटात. कंत्राटदाराला कातळ फोडणारी माणसं हवी होती, ती त्यानं सोलापूरजवळच्या होटगीच्या आसपास गोळा केली. मी मिस्त्री म्हणून बरोबर गेलो. साहेबाचं बोलणं माणसांना सांगायचं आणि माणसांचं साहेबाला, माझं निम्मं काम हेच.

*

भीमाप्पा आमच्यातला मुख्य गडी. सारा जन्म विहिरी खोदण्यात गेलेला. त्याची बायको यल्लव्वाही बरोबर होती, दगडमातीच्या पाट्या वाहायला. पहिल्याच दिवशी भीमाप्पानं कातळावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पानी किती खाली लागंल?"

मी साहेबाला विचारलं. साहेब म्हणजे स्कॉटलंडहून आलेला तरुण इंजिनिअर. तो म्हणाला, "पाणी लागलं तर काम बिघडलं."

मी ते भीमाप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, पानी लागू नये म्हनून कुनी खांदतं का?"

*

आणि पाणी लागलंच. कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार सुरू झाली. साहेब डोकं धरून बसला, आणि इकडं यल्लव्वानं धारेला हळदकुंकू वाहिलं.

साहेबानं हुकूम दिला, सिमेंट भरून फट बुजवा. भीमाप्पानं घमेलं खाली ठेवलं. "जित्या झऱ्याचं तोंड माझ्या हातानं बुजनार न्हाय. न्हायतर घरी धाडा." त्याचं बघून बाकीच्यांनीही हातातलं खाली ठेवलं.

हे मी साहेबाला सांगितलं. एवढ्या लांब आलेली माणसं हात हलवत परत जाणार, असंच मला वाटलं. साहेब लाल झाला, बाहेर जाऊन पाइप ओढत बसला. परत आला तो लोखंडी नळ घेऊनच. झरा नळात घेतला आणि टाकीच्या भिंतीमागून टेकडीबाहेर काढला, थेट मजुरांच्या झोपड्यांपाशी. तोवर आम्ही पिंपातलं मचूळ पाणी पीत होतो.

पहिला तांब्या यल्लव्वानं साहेबाच्याच हातात दिला. तो प्यायला आणि म्हणाला, "हे मात्र नकाशात नव्हतं."

*

टाकीचं छत झाकून वर माती पसरली. विमानातून बघणाऱ्याला टेकडी पहिल्यासारखी दिसली पाहिजे, म्हणून तिच्यावर गवत लावायचं ठरलं. आमची माणसं तोवर भात खाऊन कंटाळली होती. यल्लव्वानं घरून आणलेलं जोंधळ्याचं बी तिथं टाकलं. पीक असं तरारून आलं की बघत राहावं.

पुढं आरमाराचं विमान पाहणीला उडालं. वैमानिक खाली उतरून साहेबाला म्हणाला, "टाकी कुठं आहे ते सांगायची गरज नाही. एवढ्या टेकड्यांत शेत एकाच टेकडीवर आहे."

साहेब तडक यल्लव्वाकडं आला. "हे उद्या कापायचं."

"कापू की," ती म्हणाली, "पर दाना भरू द्या."

साहेबानं होही म्हटलं नाही आणि परत विचारलंही नाही. हुरडा झाला तेव्हा त्यालाही पळसाच्या पानावर नाही, पण केळीच्या पानावर दिला. त्यानं पुन्हा मागून घेतला. मग शेत कापलं.

*

पहिल्यांदा तेल भरून पाहिलं तर एका सांध्यातून ते झिरपायला लागलं. टाकी रिकामी केली. आता आत उतरून सांधा शोधायचा होता. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपल्याकडं कंदील सोडून बघतात, विझला तर आत वाईट हवा. भीमाप्पानं सवयीनं कंदील पेटवला, दोराला बांधला आणि टाकीच्या तोंडाकडं निघाला.

साहेब धावत गेला, कंदील हिसकावला आणि लांब नेऊन विझवला. आतल्या वाफेनं पेट घेतला असता तर टेकडीसकट आम्ही सगळे गेलो असतो. हे मी भीमाप्पाला समजावलं. तो म्हणाला, "बरं, दिवा न्हाय. मग आतली हवा बरी हाय का वंगाळ, कसं कळनार?"

साहेब म्हणाला, "आधी पंख्यानं हवा खेळवू. मग पहिला मी उतरतो. मी गात राहीन. गाणं थांबलं तर ओढा."

कमरेला दोर बांधून तो उतरला. दोर भीमाप्पाच्या हातात. टाकीतून साहेबाचं गाणं घुमत होतं, आणि मधेच थांबलं. भीमाप्पानं सगळं बळ लावून असा दोर ओढला की साहेब गुडघे सोलून वर आला.

"मी फक्त खोकलो होतो," साहेब म्हणाला.

मी ते भीमाप्पाला सांगितलं. त्यानं दोर काही सोडला नाही. "त्यास्नी म्हनावं, सांगून खोका."

*

काम संपलं, आम्ही परत आलो. काही दिवसांनी मी होटगीला भीमाप्पाकडं गेलो. त्याची म्हातारी आई आणि यल्लव्वा अंगणातलं पेव लिंपत होत्या. बरं साल असलं की जमिनीतल्या त्या खड्ड्यात जोंधळा भरून तोंड बंद करायचं आणि वाईट साल आलं की उघडायचं, अशी त्यांची रीत. उरलेल्या जोंधळ्याची पोती सोलापूरच्या बाजारासाठी गाडीत चढवलेली होती.

"तितं काय बांधलंसा रं एवढं?" म्हातारीनं लेकाला विचारलं.

"पेवच की, आये. तेलाचं. आपलं गाव मावंल एवढं."

"भरलं?"

"काठोकाठ."

"आन् उघडनार कवा?"

भीमाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "लढाई लागली की, आजी."

म्हातारीनं गाडीकडं बघितलं आणि सुनेला म्हणाली, "यल्लव्वा, ती पोती खाली घे. यंदा काय इकायचं न्हाय."