वर्ध्यात हीटर कोनाले पाहिजे?

आमची गाडी मूळची माझ्या मेहुण्याची. पत्नीचा हा थोरला भाऊ रोहण्याला शेती करतो. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आमच्या नाचणगावच्या अंगणात आणून उभी केली, आणि ज्या वयात माणसे गाडी मुलांच्या हाती सोपवतात, त्या वयात मी ती चालवायला शिकलो. नोकरीत असताना मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. हवे ते कोणालाही न विचारता कपाटातून शोधून काढायचे, ही सवय मला तिथे लागली. लोक तिला अभ्यासू वृत्ती म्हणत. तो केवळ संकोच होता.

पत्नीच्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा शस्त्रक्रियेच्या दिवशी मेहुणा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. पुढे गाठीच्या तपासणीचा निकाल आला. तो चांगला नव्हता. मेहुण्याने फोनवर विचारले, "भाऊजी, काय निघालं?" आणि मी म्हणालो, "सगळं ठीक आहे." हे शब्द मी ठरवून उच्चारले नव्हते, त्या रोगाचे नाव तोंडातून काढण्यापेक्षा हे सोपे होते, इतकेच. शेजाऱ्यांना मी पित्ताचा त्रास सांगितला. पत्नी अधूनमधून विचारी, "अहो, दादाले सांगतलं काय? माझ्यानं नाई होत, तुम्हीच सांगा." मी म्हणे, "सांगतो."

त्यानंतर सेवाग्रामच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झाले. या औषधाचा एक विचित्र गुण होता. ते घेतल्यावर गार स्पर्श तिला सहन होईना. पाण्याच्या माठाला बोट लागले तरी सुया टोचल्यासारखे होई. गार वारा तोंडात गेला की घसा आवळला जाई. डॉक्टरांनी सांगितले होते, थंडीपासून जपा. आमच्याकडे आठ महिने माणसे उन्हापासून जपतात. पण औषध सुरू झाले ते नेमके डिसेंबरात.

पहिल्या खेपेला पहाटेच्या गारठ्यात निघालो. गाडीच्या दारांच्या फटींतून वारा येत होता. मी मोठ्या विश्वासाने हीटरची कळ फिरवली. इंजिन चांगले तापले होते, तरी जाळीतून आला तो गार झोत.

"बंद करा ते," ती शालीतून म्हणाली. "पंखा लावल्यावानी होऊन राह्यलं."

परत आल्यावर मी बॉनेट उघडले आणि गाडीबरोबर आलेले पुस्तक घेऊन बसलो. गाडीच्या हीटरला स्वतःचा विस्तव नसतो. इंजिनभोवती फिरून तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे औषधी पाणी, दोन पाइपांनी डॅशबोर्डच्या पोटातल्या एका लहानशा कॉइलमध्ये येते, आणि पंखा तिच्यावरून वारा ढकलतो. ते दोन पाइप मी शोधले. कॉइलपर्यंत ते पोचतच नव्हते. मध्येच एक वाकडा पाइप घालून कोणीतरी त्यांना एकमेकांशी जोडून टाकले होते. कॉइलची दोन्ही तोंडे उघडी, धुळीने भरलेली. कूलंट अर्ध्या वाटेवरून परत फिरत होते.

हे का केले असावे, ते सांगणारा माणूस एका फोनच्या अंतरावर होता. फोन हातात घेतलाही. पण मेहुणा आधी हसला असता आणि मग त्याने विचारले असते, "काऊन भाऊजी, तुम्हाले हीटर काऊन लागून राह्यला?" त्या प्रश्नापाशी माझा हात थांबला. फोन ठेवला आणि स्वतःची समजूत घातली की, वर्ध्यात हीटरचा उपयोग नाही म्हणूनच कोणा मिस्त्रीने तो काढला असेल. पुलगावच्या गॅरेजात जाण्याचाही विचार आला. तिथेही तोच प्रश्न विचारला गेला असता.

मग मी स्वतःच ते काम केले. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वाकडा पाइप काढला, कॉइलची तोंडे पुसली, नवे पाइप चढवून क्लिपा आवळल्या. कूलंट भरले. टोपण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत वाट पाहिली. कळ फिरवली तेव्हा जाळीतून गरम वारा आला. अंगणात कोणी नव्हते, तरी मी इकडेतिकडे पाहिले. इतका आनंद झालेला कोणी पाहू नये असे वाटले. थोडा गोडसर वास येत होता. भरताना कूलंट हातावर सांडले असेल, असे म्हणून मी हात धुतले.

पुढच्या खेपेला मी तिला काही सांगितले नाही. गाव सुटल्यावर कळ फिरवली. तिने आधी अंग चोरले, मग हळूच एक हात शालीबाहेर काढला, मग दुसरा. हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"कोनाकडून करून घेतलं?"

"मीच केलं."

"तुम्ही?" ती हसली. "आता गॅसची शेगडीही तुम्हीच पाहा. महिना झाला सांगून."

त्या सकाळी ती खूप बोलली. देवळी मागे पडेपर्यंत बोलत होती. मग काच आतून धुरकट होऊ लागली. मी पुसली; पुसूनही चिकट थर तसाच राहिला. वास वाढला.

"गोड गोड वास येऊन राह्यला," ती म्हणाली, "पाक केल्यावानी. मले मळमळते." आणि थोड्या वेळाने, "अहो, पायाखाली ओलं लागून राह्यलं."

कॉइल गळत होती. तिच्या पायाखालचा गालिचा भिजला होता, चपला भिजल्या होत्या. इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकताना पाहून मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. तिला उलटीची उबळ आली म्हणून तिने दार उघडले. उघड्या शेतावरून आलेला वारा सरळ तिच्या तोंडात गेला. तिने गळ्याला हात लावला. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. ओल्या पायांनी ती रस्त्यावर उभी होती आणि बोलू शकत नव्हती. तिचे ज्या एका गोष्टीपासून रक्षण करायला मी निघालो होतो, त्या गारठ्यातच मी तिला उभे केले होते.

शेजारच्या भाजीच्या वाडीत एक जोडपे मेथीच्या जुड्या बांधत होते. बाई धावत आली. "काय झालं वो? थंडी भरली काय?" मी म्हणालो, "काही नाही, गाडी जरा तापली." त्या बाईने माझ्याकडे असे पाहिले की, ते मला अजून आठवते. पुढे काही न विचारता तिने पत्नीला खोपीतल्या चुलीपाशी नेले, ओल्या चपला काढल्या आणि पाय गोणपाटात गुंडाळले.

थोड्या वेळाने पत्नीचा आवाज परत आला. पहिले वाक्य होते, "दादाले लावा."

फोनचा गार स्पर्श तिच्या हाताला सहन होत नव्हता. म्हणून तो मीच तिच्या तोंडापुढे धरला, स्पीकर लावून. ती बोलायच्या आधीच मी घाईने म्हणालो, "हीटर जोडला होता, गळला." मेहुणा हसला.

"भाऊजी, एक फोन तं करायचा होता! त्याले भोक हाये. म्हणून तं मिस्त्रीनं पाइप वळवून देल्ला. आन् वर्ध्यात हीटर कोनाले पाहिजे?"

चुलीत कापसाच्या पळाट्या तडतडत होत्या.

"मले, दादा," पत्नी म्हणाली.

आणि तिने सगळे सांगितले. गाठ कसली होती ते, निकाल, औषध, सुया. मी केवळ फोन धरून होतो. वाडीवाली बाई, तिचा नवरा, दोघेही ऐकत होते. ज्या शब्दाला मी इतके दिवस घाबरलो होतो तो तिने चुलीपुढे साध्या आवाजात उच्चारला, आणि बाईने फक्त आणखी एक पळाटी आत सारली. मग मेहुणा म्हणाला, "बाई, तू दवाखान्यात पोच. मी येतो." माझ्याशी तो काही बोलला नाही.

जोडप्याची छोटी मालवाहू गाडी मेथी घेऊन वर्ध्याच्या बाजाराला निघाली होती. "बाई, पुढं बसा," तो माणूस म्हणाला. "सीटखालीच इंजिन हाये. आमच्या गाडीले हीटर नाई लागत, बूडच भाजते." पत्नी हसली. मी मागे जुड्यांमध्ये बसलो. वारा कापत होता, आणि तो लागावा असेच मला वाटत होते.

गाडी ओढून पुलगावला नेली. पुढच्या खेपेच्या आधी नवी कॉइल बसवून घ्यायला मेहुणा स्वतः रोहण्याहून आला. मिस्त्री डॅशबोर्ड सोडवताना त्याच्याशी गप्पा मारत होता. माझ्याशी बोलताना मेहुणा "हो" आणि "नाई" एवढेच म्हणत होता. पत्नी गाडीत मागे शाल पांघरून बसली होती. बाकड्यावर आणखी काही गिऱ्हाइके होती.

"सर," मिस्त्रीने आतूनच विचारले, "हीटर कशाले? गाडीत पापड वाळवता काय?"

बाकडे हसले. मेहुण्याने मान वर करून प्रथमच माझ्याकडे पाहिले. तो वाट पाहत होता, हे मला कळले. उत्तर माझ्या जिभेवर होते. पत्नीने ते चुलीपुढे माझ्यासमोरच बोलून दाखवले होते.

"मला थंडी वाजते," मी म्हणालो.

बाकडे पुन्हा हसले. मेहुणा जमिनीकडे पाहू लागला.

मेहुणा गॅरेजातूनच रोहण्याला गेला. घरी परतताना पत्नी माझ्या शेजारी बसली. मी कळ फिरवली; कोरडा, बिनवासाचा गरम वारा आला. तिच्या पायांपाशी हात घालून मी गालिचा चाचपला, तो कोरडा होता. तिने हातमोजे काढले, क्षणभर हात झोतात धरले आणि मग जाळी माझ्याकडे वळवली.

"तुम्हाले थंडी वाजते ना? मग घ्या."

तिचा स्वर चिडलेला नव्हता. मिस्त्रीकडे परत जाऊन खरे सांगावे, असे मनात आले. गाडी वळवायला रस्ता रुंद होता, मागून कोणी येत नव्हते. मी सरळच चालवत राहिलो. जाळी मात्र तिच्याकडे फिरवली; तिने ती पुन्हा माझ्याकडे केली, आणि नाचणगाव येईपर्यंत तो गरम वारा स्टीअरिंगवरच्या माझ्या हातांवर येत राहिला.